समुद्रशैवालाची लागवड आणि तिच्यापासून मिळणारे इंधन

गेल्या हिवाळ्यात देवगड तालुक्यातील एका किनारी गावी महिला बचत गटाच्या सभेस जाण्याचा प्रसंग आला. सभेचा विषय माडावरील गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त हा होता. ते बोलणे संपताच एका भगिनीने पिशवीतून एक छापील पत्रक काढून पुढे ठेवले. समुद्रात तराफे टाकून शेवाळ वाढवावे, त्यापासून गॅस व तेल होते, आणि तराफ्यांच्या सामानाची रक्कम आगाऊ भरणाऱ्यास सर्व माल विकत घेण्याची हमी दिली जाईल, असा त्या पत्रकाचा आशय होता. गटाची दोन वर्षांची शिल्लक त्या कामी घालावी, असा विचार बहुतेकींच्या मनात पक्का झालेला दिसला. मागे बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मात्र सरळच विचारले, "साहेबांनू, ह्यां शेवाळ चुलीत जळतलां काय?"

त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. कृषी महाविद्यालयातील आमच्या अभ्यासक्रमात समुद्रशैवालास अर्ध्या तासापलीकडे स्थान नव्हते. पुढे ह्या विषयाची माहिती मिळविली, आणि रामेश्वरमजवळील मंडपम येथे जाऊन ही लागवड प्रत्यक्ष पाहिली. किनाऱ्यावरील गावांतून हाच प्रश्न विचारला जाऊ लागला असल्याने ती माहिती कार्यकर्त्यांच्या व शेतकरी बंधू-भगिनींच्या उपयोगासाठी येथे देत आहे.

शेवाळ म्हणजे काय

समुद्रशैवालास खरी मुळे, खोड वा पाने नसतात. तळाशी जो मुळासारखा भाग दिसतो, तो केवळ कातळास घट्ट धरून राहण्यापुरता असतो. अन्नद्रव्ये मात्र सर्वांगाने, भोवतालच्या पाण्यातूनच शोषली जातात. त्यामुळे ह्या पिकास जमीन लागत नाही, गोडे पाणी लागत नाही, खतही सहसा घालावे लागत नाही. ह्याच गुणामुळे जगात ह्या लागवडीचा मोठा विस्तार झाला आहे. २०१९ साली जगभर मिळून सुमारे साडेतीन कोटी टन ओले शैवाल काढण्यात आले, आणि त्यांपैकी सुमारे ९७ टक्के लागवडीचे होते. त्यातील फार मोठा भाग चीन व इंडोनेशिया ह्या दोन देशांचा आहे.

रंगावरून शैवालाचे तीन गट करतात. हिरव्यात उल्वा, तपकिरीत सरगॅसम आणि तांबड्यात ग्रॅसिलॅरिया, जेलिडिएला व कॅपाफायकस ही नावे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. आपल्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग किनाऱ्यावर, ओहोटीस उघड्या पडणाऱ्या कातळांवर, पावसाळा सरल्यानंतर उल्वा व सरगॅसम दाटीने वाढलेले आढळते. कॅपाफायकस मात्र आपल्याकडचे नव्हे. ते मूळ फिलिपाइन्सकडील असून १९८४ साली जपानमधून आणून त्याची रोपणी प्रथम सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ओखा बंदराजवळ करण्यात आली. भावनगर येथील केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने हे काम केले. ही संस्था १९५४ साली स्थापन झाली असून मंडपम येथे तिचे केंद्र आहे.

चुलीचा प्रश्न

आता त्या वृद्ध बाईंच्या प्रश्नाकडे वळू. दहा किलो ओले शैवाल उन्हात पूर्ण वाळविले असता हाती साधारण एक किलो माल उरतो. बाकी सारे पाणी. त्या एका किलोतही पाव ते तिसरा हिस्सा मीठ व इतर क्षार असतात. ते जळत नाहीत, त्यांची राख होते. शिवाय मिठामुळे वाळलेले शैवाल हवेतील दमटपणा पुन्हा ओढून घेते. आज खडखडीत वाळलेला भारा दोन दिवसांच्या दमट हवेत मऊ पडतो. अशा जळणाने धूर फार होतो, आच कमी लागते, आणि चुलीवरील भांड्यांस व लोखंडास गंज चढतो. माडाची सोडणे, झावळ्या व करवंट्या ज्या घरी पडून आहेत, त्या घरी शैवाल जाळणे म्हणजे निव्वळ श्रम वाया घालविणे होय. बाईंना द्यावयाचे उत्तर असे की, जळेल, पण जाळू नये.

युरोपात पूर्वी शैवाल जाळीत असत, हे खरे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर अठराव्या शतकात हा मोठाच धंदा होता. परंतु तेथे जाळणे हे उष्णतेसाठी नव्हते, राखेसाठी होते. त्या राखेतील सोडा काच व साबण करणाऱ्यांस विकला जाई. पुढे १८११ साली अशाच राखेतून कुर्त्वा ह्या फ्रेंच रसायनज्ञास आयोडिनचा शोध लागला. राख हा माल होता आणि ज्वाळा फुकट जात होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गोबरगॅसच्या टाकीत घातले तर?

ओला पदार्थ वाळवून जाळण्याऐवजी कुजवून त्याचा गॅस करणे केव्हाही अधिक शहाणपणाचे. शैवालात लाकडासारखा कठीण भाग नसल्याने ते लवकर कुजते व त्यापासून गॅस होतो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. तथापि किती होतो, ह्याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

एक टन, म्हणजे हजार किलो, ओले शैवाल घेतले. त्यात कोरडा अंश सुमारे १०० किलो. क्षार वजा जाता कुजण्याजोगा भाग ६५ ते ७० किलो. त्याच्या दर किलोस मिथेन वायू साधारण पाव घनमीटरच्या आतबाहेर मिळतो. आपण सावधपणे ०.२ घनमीटर धरू. म्हणजे एकूण सुमारे १३ घनमीटर मिथेन झाला. उष्णतेच्या मापाने तो स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरच्या पाऊणपटीहूनही थोडा कमीच भरतो. एक टन शैवाल समुद्रातून ओढून काढावयाचे, वाहून आणावयाचे, धुवावयाचे, चिरावयाचे, आणि त्यातून एक सिलिंडरही पुरता भरावयाचा नाही! उलट, एक टन ताज्या शेणापासून सुमारे ४० घनमीटर गोबरगॅस मिळतो. शैवालाचा मिथेन गोबरगॅसच्या मापात मांडला, तर तो २० ते २२ घनमीटरांच्या वर जात नाही. वजनास वजन लावले तर गोठ्यातील शेण शैवालापेक्षा सरस ठरते, आणि ते आणण्यास होडी लागत नाही.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगणे इष्ट वाटते. हा हिशेब करण्यापूर्वी, उत्साहाच्या भरात, मी एका बागायतदारांस किनाऱ्यावर वाहून आलेले उल्वा गोबरगॅसच्या टाकीत घालून पाहण्यास सांगितले होते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, न धुता, जवळजवळ शेणाइतकेच शैवाल आठवडाभर घातले. पाचव्या-सहाव्या दिवशी घरात कुजक्या अंड्यांची दुर्गंधी पसरली, शेगडीची ज्योत पिवळी होऊन विझू लागली, आणि घरच्या मंडळींना डोकेदुखीचा त्रास झाला. समुद्राच्या पाण्यात व शैवालात गंधकाचे क्षार भरपूर असतात. बंद टाकीत त्यांपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. तो पितळी व लोखंडी भाग खातो आणि गॅस करणाऱ्या जिवाणूंसही बाधतो. टाकी पूर्ववत होण्यास नुसते शेण घालून तीन आठवडे लागले. त्या गृहस्थांनी मला काही बोल लावला नाही, ह्याचेच अधिक वाईट वाटले.

ज्यांना तरीही प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी शैवाल गोड्या पाण्याने दोनदा धुवावे, बारीक चिरावे, आणि एकूण भरावाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक घालू नये. गॅसच्या नळीत गंजलेल्या लोखंडी किसाची गाळणी बसवावी. दुर्गंधी येताच शैवाल घालणे थांबवून खोलीची दारे-खिडक्या उघडाव्यात. टाकीतून निघणारी मळी खारट असण्याचा संभव असल्याने ती भातखाचरात किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नये. माडास ती चालते. आळ्यात मीठ घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे.

इतर देशांचा अनुभव

इंधनासाठी शैवाल पिकविण्याची कल्पना आजची नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुमारास, अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर सान दिएगोनजीक एका दारूगोळा कंपनीने समुद्रातील केल्प नावाचे प्रचंड तपकिरी शैवाल यंत्रांनी कापून ते हौदात आंबविण्याचा मोठा कारखाना घातला. स्फोटके करण्यास लागणारे अ‍ॅसिटोन आणि जर्मनीकडून येणे बंद झालेले पालाश, ह्या दोन वस्तू त्यापासून मिळत. युद्ध संपले, भाव उतरले, आणि कारखाना बंद झाला.

पुढे १९७० नंतरच्या दशकात खनिज तेल महाग झाले, तेव्हा त्याच किनाऱ्यावर खोल समुद्रात दोरखंडांच्या जाळ्यावर केल्प वाढवून त्यापासून मिथेन वायू करण्याचा प्रयत्न झाला. खालचे थंड, अन्नद्रव्यांनी समृद्ध पाणी नळाने वर खेचून झाडांस पुरवावयाचे, अशी ती योजना होती. वादळांनी व लाटांनी झाडे दोरांवरून तुटून गेली, आणि तेल पुन्हा स्वस्त होताच योजनाही मावळली. डबक्यांत सूक्ष्म शैवाल वाढवून त्यापासून डिझेल करण्याचे अमेरिकन सरकारचे संशोधन १९७८ पासून १९९६ पर्यंत चालले. तेल निघते, पण ते खनिज तेलाच्या भावाशी टिकत नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा शैवालापासून तेल काढण्याच्या यंत्राची कोणी जाहिरात घेऊन आला, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास, ते यंत्र विकून नव्हे, तर चालवून कोणत्या गावी कोणास किती पैसे मिळाले, एवढेच विचारावे.

मग शैवाल कशासाठी वाढवावे?

शैवालाची खरी किंमत त्याच्या चिकट गरात आहे. जेलिडिएला व ग्रॅसिलॅरिया ह्यांपासून अगार मिळते. प्रयोगशाळेत जिवाणू वाढविण्यास ते लागते व मिठाईतही वापरतात. सरगॅससारख्या तपकिरी जातींपासून अल्जिनेट मिळते. सुती कापडाच्या छपाईत रंग दाट करण्यास, दंतवैद्याकडे दातांचा साचा घेण्यास व जखमेवरील पट्ट्यांत त्याचा उपयोग होतो. कॅपाफायकसपासून मिळणारे कॅराजिनन आइस्क्रीम, टूथपेस्ट इत्यादी पदार्थांत पडते. अलीकडे ह्याच गरांपासून प्लॅस्टिकऐवजी वापरता येतील असे पातळ पापुद्रे व वेष्टने करण्यात येऊ लागली आहेत. २०१९ साली लंडनच्या मॅरेथॉन शर्यतीत धावपटूंना पेय दिले गेले, ते शैवालापासून केलेल्या, गिळता येणाऱ्या लहान पिशव्यांतून. ह्या मालास अजून भाव चढा पडतो, परंतु इंधनापेक्षा त्याची वाट अधिक खात्रीची दिसते.

भावनगरच्या संस्थेने कॅपाफायकसविषयी जी पद्धत बसविली, ती शेतकऱ्यास सहज समजेल अशी आहे. उसाचे गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आणावे. ताजे शैवाल काढल्याबरोबर भरडून त्याचा रस वेगळा करतात. ह्या रसात पालाश, सूक्ष्म द्रव्ये व वाढीस चालना देणारे घटक असतात. गाळून, टिकाऊ करून तो पिकांवर फवारण्यासाठी विकला जातो. उरलेल्या चोथ्यातून कॅराजिनन काढतात. त्यानंतर जे अगदी शेवटी राहते, ते कुजवून गॅस करण्यास मोकळे असते. पूर्वी ओले शैवाल तसेच वाळवीत असत, तेव्हा हा रस वाळूत जिरून जाई.

ह्याच चोथ्याची साखर करून तिच्यापासून अल्कोहोल काढता येतो, हेही प्रयोगशाळेत दाखविण्यात आले आहे. परंतु येथे एक अडचण आहे. ज्या गराची साखर करावयाची, तोच गर म्हणजे कॅराजिनन. अल्कोहोल हवा असेल तर कॅराजिनन हातचे जाते. ज्या मालास अधिक दाम येतो, तो मोडून कमी दामाचा करणे कोणत्याही संसारी माणसास पटणार नाही. इंधन हे ह्या पिकाचे पाचट समजावे. ऊस पाचटासाठी कोणी लावीत नाही, आणि पाचट कोणी फेकूनही देऊ नये.

मंडपमचे तराफे

रामनाथपुरम जिल्ह्यातील किनाऱ्यावर शैवालाचे काम जुने आहे. मन्नारच्या आखातातील बेटांभोवती बुड्या मारून कातळावरील शैवाल खुडणाऱ्या कोळी स्त्रिया १९६० नंतरच्या दशकापासून अगारच्या कारखान्यांस माल पुरवीत आल्या. १९८६ साली त्या बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले आणि खुडण्यावर बंधने आली. म्हणून २००० नंतर पाल्कच्या उपसागरात कॅपाफायकसची लागवड सुरू झाली, तेव्हा ती ह्या स्त्रियांच्या बचत गटांनी उचलून धरली.

पद्धत साधी आहे. तीन ते चार इंच जाडीच्या बांबूंचा तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा चौकोनी तराफा बांधतात. कोपऱ्यांस तिरके आधार देतात. त्यावर वीस दोऱ्या ताणतात, आणि प्रत्येक दोरीस हातभर लांबीत दोन-तीन येतील अशा बेताने वीस-वीस फुटवे बांधतात. एक फुटवा सुमारे १५० ग्रॅमचा. म्हणजे एका तराफ्यास ६० किलो बेणे लागते. माशांनी खाऊ नये व तुटलेले तुकडे वाहून जाऊ नयेत म्हणून तराफ्याखाली जुने जाळे लावतात. असे दहा तराफे एकमेकांस जोडून नांगराने खिळवितात. पंचेचाळीस दिवसांत एका तराफ्यावर दोनशे किलोच्या वर माल तयार होतो. त्यातील ६० किलो पुढील बेण्यास ठेवून उरलेला किनाऱ्यावर वाळवितात. एका व्यक्तीकडे पंचेचाळीस तराफे असले की रोज एक तराफा काढावयाचा व तोच पुन्हा बांधावयाचा, असा क्रम वर्षातील अनुकूल काळात अखंड चालतो. सकाळी किनाऱ्यावर दोऱ्या विणीत बसलेल्या स्त्रियांची बोटे पाहिली, तर हे काम भाताच्या लावणीहून हलके नाही, हे कळून येते. खाऱ्या पाण्याने व दोरीने त्यांची कातडी सोललेली असते.

ही लागवड वेगाने वाढली. २०१२ च्या सुमारास वाळलेल्या मालाचे उत्पादन दीड हजार टनांच्या घरात गेले. आणि लगेच, २०१३ पासून, तराफेच्या तराफे मरू लागले. समुद्राचे पाणी तापले होते, फुटव्यांची टोके पांढरी पडून गळून जात होती. उत्पादन कोसळले, आणि कित्येक कुटुंबांनी बांबू किनाऱ्यावर टाकून पुन्हा मजुरीचा रस्ता धरला. ह्या आपत्तीमागे एक कारण शेतकऱ्यास ओळखीचे वाटेल. सर्व बेणे एकाच मूळ रोपाचे, वर्षानुवर्षे तोडून लावलेले. एकाच जातीच्या केळीची कंदांनी पसरविलेली बाग एकाच रोगाने बसते, तसेच येथे झाले. त्यानंतर ऊतिसंवर्धनाने निरोगी बेणे करण्याचे काम सुरू झाले, आणि २०२४ साली बाहेरदेशातून जिवंत शैवाल आणण्यासंबंधी केंद्र सरकारने नियमही ठरवून दिले.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. हे परके शैवाल तराफ्यावरच राहील, अशी प्रारंभी समजूत होती. २००८ साली मन्नारच्या आखातातील कुरुसडई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरून त्यांना गुदमरवीत असल्याचे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. प्रवाळ मेले की त्यांच्या आश्रयाने राहणारे मासेही जातात. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहेत व १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. म्हणून परके बेणे कोणी होडीत घालून आणील व वाटेल तेथे बांधील, तर त्याचा नफा एकाचा व तोटा साऱ्या किनाऱ्याचा होईल.

कोकण किनाऱ्याचा विचार

कॅपाफायकसला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तपमानाचे, स्वच्छ, पुरेसे खारट व हलते, पण उसळते नव्हे, असे पाणी लागते. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत समुद्रास उधाण असते, आणि नद्यांचे गोडे, गढूळ पाणी किनाऱ्यास भिडते. त्या चार महिन्यांत तराफा टिकत नाही व बेणेही जगत नाही. खाडीत आडोसा मिळतो, पण तेथे गोडे पाणी अधिक असते. सबब नोव्हेंबर ते मेचा मध्य, एवढाच हंगाम हाती राहतो. त्यात पंचेचाळीस दिवसांची चार पिके बसतात. पावसाळ्यात बेणे टाकीत जतन करण्याची सोय नसेल, तर दरवर्षी ते विकत आणावे लागेल. पत्रकात ह्याचा उल्लेखही नव्हता.

आता हिशेब. एका तराफ्याचे दर पिकास विकण्याजोगे १४० किलो ओले, म्हणजे १४ किलो वाळलेले शैवाल धरू. चार पिकांचे ५६ किलो. एका व्यक्तीच्या पंचेचाळीस तराफ्यांचे सुमारे २५ क्विंटल. किलोस तीस रुपये धरले तर पाऊण लाखाच्या आसपास रक्कम होते. त्यातून बांबू, दोर, बेणे, होडी व वादळातील नुकसान वजा करावे. बांबू खाऱ्या पाण्यात फार दिवस टिकत नाहीत, हेही विसरू नये. मच्छीमार कुटुंबास, ज्याची होडी घरची आहे, हा जोडधंदा परवडू शकेल. ज्यास सारेच विकत घ्यावयाचे आहे, त्याने दोनदा विचार करावा.

हेच शैवाल गॅससाठी वापरावयाचे ठरविले, तर शंभर घरांच्या गावास महिन्यास शंभर सिलिंडरांइतकी उष्णता देण्यास सुमारे १४० टन ओला माल लागेल. त्यासाठी दीड हजार तराफे, आणि त्यांवर रोज राबणारी तेहतीस माणसे हवीत. समुद्राची जागा त्यास दीड हेक्टरही लागणार नाही, हे खरे. अडचण जागेची नाही, हातांची व बांबूंची आहे. शिवाय पावसाळ्यात गॅस बंद राहील तो वेगळाच.

केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशैवालासाठी ६४० कोटी रुपये राखून ठेवले होते आणि २०२५ पर्यंत वर्षास अकरा लाख टनांहून अधिक उत्पादनाचे लक्ष्य ठेवले होते. तराफ्यांच्या खर्चापैकी सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के, तर स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांस ६० टक्के मदत, असे त्या योजनेचे प्रमाण होते. चालू वर्षी कोणती मदत मिळते, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे. समुद्रातील जागेची परवानगीही तेथूनच सुरू होते. ती हाती पडण्यापूर्वी कोणासही सामानाची रक्कम देऊ नये. रापण ओढणाऱ्या व होड्या लावणाऱ्या मंडळींची संमती आधी घ्यावी. तराफे त्यांच्या वाटेत आले तर पहिल्याच महिन्यात दोर कापले जातील.

शैवालाच्या रसाच्या बाटल्या आता आंबा व द्राक्ष बागायतदारांपर्यंत पोचल्या आहेत. २०२१ पासून अशी द्रव्ये जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घटक, उत्पादक व नोंदणीचा उल्लेख नसलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. ह्या रसाने खताची जागा भरून निघत नाही, हेही विक्रेत्याच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही.

वादळानंतर किनाऱ्यावर वाहून येणारे शैवाल मात्र कोणीही उपयोगात आणावे. त्यास तराफा लागत नाही. पावसाच्या दोन-तीन सरींखाली पसरून त्यातील मीठ धुऊन जाऊ द्यावे, मग पालापाचोळा व शेण ह्यांच्या थरांत घालून खड्ड्यात कुजवावे, आणि ते खत माडांच्या व पोफळींच्या आळ्यात द्यावे. सरगॅसममध्ये आर्सेनिकचा अंश साठत असल्याने ते गुरांस चारू नये व भाजीच्या वाफ्यात सतत वापरू नये. कातळावर वाढत असलेले शैवाल मुळासकट खरवडून काढू नये. वरचा भाग विळ्याने कापून बुडखा राखला, तर ते पुन्हा फुटते.

देवगडच्या त्या गटाने आगाऊ रक्कम भरण्याचा बेत तूर्त सोडला आहे. दोन तराफ्यांपुरती चाचणी, तीही दिवाळीनंतर व परवानगी मिळाल्यास, करावी असे त्यांनी ठरविले असून गावातील एका रापणकरांनी तराफे बांधण्यासाठी जुने जाळे देऊ केले आहे.